आईच्या डबीतलं शेवाळ

माझी आई गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. कशानं गेली असं कुणी विचारलं की घरचे सांगतात, हृदयानं. दाखल्यावरही तसंच लिहिलंय. मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते. पण आता लिहायलाच बसलेय तर आडपडदा कशाला. तिच्या जिवावर जे उठलं ते मी माझ्या हातानं एसटीतून नेऊन दिलं होतं. सांडू नये म्हणून पिशवीला वरून दोरी बांधली होती.

मला कामथडीला दिलेली. माहेर वेल्ह्याच्या वर, डोंगरात, दहा-बारा घरांची धनगरांची वस्ती. शेवटचा पाऊण तास अजूनही चालतच जावं लागतं. वस्तीत बारावीपर्यंत शिकलेली पहिली मुलगी मी. त्यामुळं रेशन कार्डावरचं नाव असो की डॉक्टरची चिठ्ठी, वाचायला माझ्याकडं. लग्न झाल्यावरही फोन मलाच. माणसाला असं कुणी पंधरा-वीस वर्षं शहाणं म्हणत राहिलं ना, की त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं. माझं तेच झालं.

आई शाळेत गेली नाही. पण शेरडांतलं तिला जे कळायचं ते गुरांच्या डॉक्टरांनी ऐकून घ्यावं असं होतं. वस्तीच्या वरच्या अंगाला एक सपाट कातळ आहे. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी शेरडं डोंगरावरून उतरली की आई त्या कातळावर खडेमीठ फोडून पसरायची. पिढ्यान् पिढ्या चाटून चाटून तो कातळ मधोमध खोलगट झालाय, परातीसारखा. मीठ पसरायच्या आधी ती त्यातली एक चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवायची. मीठच असं नाही. पेंड आणली, भुसा आणला, कुणी झाडपाला सांगितला, काहीही असो, आधी तिच्या तोंडात, मग शेरडांपुढं.

"मुक्या जित्राबाला सांगता येत न्हाई कडू हाय का काय ते," ती म्हणायची. "आपुन चाखल्याबिगर त्येच्यापुढं काय ठिवू न्हाई."

आमच्या वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्या हे करायच्या. एकदा तर आईनं शेरडांचं जंताचं औषध चाखलं आणि दोन दिवस उठली नाही. मी इतकी तडकले होते तिच्यावर. "उद्या डॉक्टरनं शेळीला सुई दिली तर आधी तू टोचून घेशील का," असं म्हणाले. ती पडल्या पडल्या हसली आणि म्हणाली, "शेरडास्नी द्यू नगंस ते, लई कडू हाय." अशा बाईपुढं डोकं आपटून काय होणार.

तिच्या गळ्याला गाठ होती. मला कळायला लागल्यापासून बघत होते. आधी लिंबाएवढी, मग वाढत वाढत पेरूएवढी. दुखायची नाही, खुपायची नाही. वेल्ह्याच्या बाजाराला जाताना ती त्यावरून पदर घट्ट ओढून घ्यायची, एवढाच काय तो तिचा त्रास. वस्तीत आणखी दोघीतिघींना तशीच होती. आरोग्याच्या बाई येऊन सांगून गेल्या होत्या, की हे आयोडीन कमी पडल्यामुळं होतं, पिशवीतलं मीठ खा. मी तर दर खेपेला पिशव्याच घेऊन जायचे. आई त्या कौतुकानं फळीवर रचून ठेवायची आणि स्वयंपाकात खडेमीठच घालायची. तिचे वडील कोकणातून घाट चढून डोक्यावर मिठाचं ओझं आणायचे. त्या मिठाची सर पिशवीतल्या मिठाला नाही, असं तिचं ठाम मत. "ह्यात दम न्हाई," म्हणायची. मी वाद घालायचे, भांडायचे. ती "बरं" म्हणायची आणि तिला हवं तेच करायची.

आता शेवाळाचं सांगते.

त्या वर्षी आमच्या घेवड्याची पानं पिवळी पडायला लागली. मालक हायवेवरच्या खताच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं एक काळपट पाण्याची बाटली दिली. समुद्री शेवाळाचा अर्क. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'केल्प' असं लिहिलेलं आणि पाण्यात हलणाऱ्या लांब लांब पट्ट्यांचं चित्र. फवारलं. पंधरा दिवसांत घेवडा असा काळाभोर हिरवा झाला की शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन विचारायला लागली. मी इथं खोटं लिहिणार नाही. पिकाला त्यानं गुण आला. नसता आला तर बरं झालं असतं.

मग त्यानंच म्हशीसाठी त्याची पावडर दिली, पाच किलोचं पोतं. अंबोणातून रोज थोडी घालायची. महिन्याभरात म्हैस अशी तुकतुकीत दिसायला लागली की विचारू नका. पुढच्या वेळी मी स्वतः दुकानात गेले. काउंटरवर पांढऱ्या छोट्या बरण्या मांडलेल्या, माणसांसाठीच्या.

"ताई, झाडाला चालतं, जनावराला चालतं, तसं माणसालाही चालतं," दुकानदार म्हणाला. "समुद्रातलं आहे, केमिकल नाही. थकवा, गुडघे, केस, सगळ्यावर. आणि गळ्याच्या गाठीवर तर विचारूच नका. गाठ कशानं होते? आयोडीन नसल्यानं. आणि ह्यात आयोडीनच आयोडीन."

गाठीचं नाव काढलं आणि मी तिथंच थांबले. त्याला माझ्या आईचं काही ठाऊक नव्हतं, तो प्रत्येकाला तेच सांगत असणार. पण मला वाटलं, देवानंच त्याच्या तोंडून सांगितलं. मीठ ती खात नाही ना, मग हे खाईल. ह्याला तर समुद्राचा वास आहे.

मी बरणी हातात घेतली आणि शहाण्या बाईचा प्रश्न विचारला. "बरणीतला माल आणि पोत्यातला माल एकच का?"

"माल एकच," तो हसून म्हणाला. "पॅकिंग वेगळं."

मी बरणी परत ठेवली आणि पोतं उचललं. घरी येऊन मालकांना सांगितलं तेव्हा केवढी ऐट होती मला. शहरातली माणसं बरणीला भुलतात, आम्ही नाही भुलत. त्या बरणीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. सगळ्या वस्तीच्या चिठ्ठ्या वाचणारी मी, ती चार ओळींची चिठ्ठी तेवढी वाचली नाही.

दिवाळी झाल्यावर माहेरी गेले. आईनं पोत्याचं तोंड सोडलं, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"बा मीठ आणायचा ना," ती म्हणाली, "त्या पोत्याला आसाच वास यायचा."

झालं. तिच्या बापाचा वास आला म्हटल्यावर पुढं काही विचारायचं राहिलंच नाही. मी तिला सांगितलं, शेरडांना मिठात मिसळून कातळावर घाल, आणि तू रोज चिमूटभर घ्यायची, गाठ विरघळेल. तिची मशेरीची एक जुनी डबी होती पत्र्याची. ती मी राखेनं घासली, पावडरीनं भरली आणि तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवली. रोज म्हणजे रोज, असं बजावलं.

वस्तीत मोबाईलला रेंज नाही. त्या मिठाच्या कातळावर तेवढी येते. म्हणून आमचा फोन ठरलेला, संध्याकाळी शेरडं उतरली की. आई कातळावर यायची, सोबत वहिनी असायची, कारण आईला फोन उचलता यायचा पण ठेवता यायचा नाही. मी इकडून पहिलाच प्रश्न विचारायचे, "आये, घेतलंस का?" क्षणभर काही ऐकू यायचं नाही. मग ती म्हणायची, "व्हय, घेतलं." त्यानंतर बाकीच्या गोष्टी.

संक्रांतीला गेले तेव्हा ती बारीक दिसली. बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. पण भूक म्हणाल तर दणकून. तीन भाकऱ्या खाल्ल्या माझ्यासमोर, आधी दीड खायची. थंडी तर अशी होती की आम्ही चुलीपासून हलत नव्हतो, आणि ती घोंगडी बाजूला टाकून दारात बसलेली, कपाळावर घाम. म्हणाली, "झोप उडाली बग माजी. आन् छातीत कायतरी पळतंया."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बघ, भूक लागायला लागली. अंगात ऊब आली. गुण येतोय."

हे वाक्य मी कितीदा आठवलंय त्याला गणती नाही. भाकरी थापताना आठवतं. तिला एकेक गोष्ट मारायला निघाली होती आणि मी त्या एकेकीचं कौतुक करत होते. हात थरथरत होते तिचे, चहाचा कप बशीवर वाजत होता. मी म्हणाले, वयानं होतं. आणि निघताना काय सांगून आले तर, "एका चिमटीनं काय होतंय, दोन घेत जा." अति तिथं माती, असं लहानपणी तिनंच मला शिकवलं होतं. तिनं माझं ऐकलं. आयुष्यात माझी एक गोष्ट तिनं निमूट ऐकली आणि ती ही.

फाल्गुनात एकदा फोनवर म्हणाली, "औंदा करडं हाती लागली न्हाईत."

मी विचारलं, काय झालं. म्हणाली, दोन शेळ्या गाभडल्या, बाकीच्यांची करडं मेलेलीच झाली. मी म्हटलं, थंडी लागली असेल, नाहीतर कुणाची दृष्ट. पावडर चालू ठेव, शेळ्या सावरतील. पलीकडून ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला लहानपणापासून माहीत होतं. पिशवीतल्या मिठाला म्हणायची तेच. माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

चैत्रात ती पाण्याच्या वाटेवर पडली. भावानं पाठुंगळी मारून खाली आणली, वेल्ह्यातून टेम्पो केला आणि हायवेवरच्या एका दवाखान्यात दाखल केली. मी कामथडीहून पोचले तेव्हा ती खाटेवर बसलेली होती, कारण आडवं पडलं की दम लागत होता. डोळे मोठे झालेले. माझ्या आईचे डोळे असे कधीच नव्हते. छातीवरचं लुगडं ठोक्यानं हलताना दिसत होतं.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर म्हणाले, थायरॉईड अतोनात वाढलंय, त्यामुळं हृदय नुसतं पळतंय आणि वाकडंतिकडं पळतंय. मग वाकून आईला विचारलं, "आजी, बाहेरचं काही औषध घेता का? पावडर, काढा, जडीबुटी?"

आईनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं.

"काय बी न्हाई," ती म्हणाली. "भाकरी आन् कालवण."

मी बोलले नाही. मला आठवलं नाही असं म्हणायची सोय आहे, मालकांनाही मी बरेच दिवस तेच सांगितलं. पण आठवलं होतं. जिभेवर आलं होतं. तिथं डॉक्टर होते, नर्स होती, भाऊ होता, शेजारच्या खाटेवरची चार माणसं होती. आणि मी, वस्तीतली शिकलेली, उठून काय सांगू, की म्हशीच्या पोत्यातली पावडर मी माझ्या आईला खायला घालते? मला लाज वाटली. एवढंच कारण. ते दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

आणि मनाला समजावायला कारणं काय, हवी तेवढी मिळतात. हे औषध थोडंच आहे, हे तर शेवाळ. गवतच की. म्हैस खाते आणि ठणठणीत आहे. मी स्वतःही दोन महिने खाल्लं होतं, मला कुठं काय झालं? माझ्या गळ्याला गाठ नव्हती, ही गोष्ट मी त्यात धरली नाही.

पाच दिवसांनी तिला घरी आणलं, आमच्या कामथडीला, दवाखाना जवळ पडावा म्हणून. सकाळी मी तिला डॉक्टरांच्या गोळ्या द्यायचे. आणि संध्याकाळ झाली की मीच विचारायचे, "आये, घेतलंस का?" कारण ती खंगत चालली होती आणि मला तिच्या अंगात ताकद यायला हवी होती. डबी तिच्या पिशवीत होतीच. ती माझ्यासमोर झाकण काढायची, थरथरत्या बोटांनी चिमूट घ्यायची, पुन्हा घ्यायची, जिभेवर ठेवायची. थोडी पावडर हनुवटीवर सांडायची. ती मी माझ्या पदरानं पुसायचे.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवून बघितला. "गोळ्या वाढवल्या, तरी लागू का पडत नाहीत तेच कळत नाही," म्हणाले. पुन्हा तोच प्रश्न विचारला. आईनं पुन्हा तेच उत्तर दिलं, तसंच माझ्याकडं बघून.

त्या दिवशी घरी जायच्या ऐवजी मी रिक्षा आधी त्या दुकानाकडं वळवली. आईला रिक्षात बसवून आत गेले. दुकानदाराला म्हटलं, थायरॉईडच्या माणसाला हे चालतं ना?

"थायरॉईडवाल्याला?" तो म्हणाला. "नाही हो ताई. ते बरणीवरच लिहिलंय की." त्यानं एक बरणी उचलली आणि मागची बाजू माझ्यापुढं धरली. बारीक अक्षरात होतं, मराठीत होतं, स्वच्छ होतं. गळ्याची गाठ, थायरॉईड, हृदयाचा आजार असल्यास घेऊ नये. खाली किती घ्यायचं तेही होतं, सोबतच्या चमच्यानं. चमचा केवढा, तर माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

मी म्हटलं, गाठीवर रामबाण आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मी असं सगळ्यांना थोडंच सांगतो. आणि तुम्ही बरणी नेलीच नव्हती ना, पोतं नेलं होतं." त्याचा गळा धरायची इच्छा झाली होती, हे खरं. पण त्याचा हात माझ्या आईच्या तोंडापर्यंत कधी गेला नव्हता, माझा गेला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते.

घरी आल्या आल्या मी तिच्या पिशवीतून डबी काढली आणि उकिरड्यावर उपडी केली. ती ओट्यावरून बघत होती. मला वाटलं विचारेल, का टाकलंस. तिनं विचारलं नाही.

"बरं केलंस," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. पोतं, म्हैस, चिमटी, दोन चिमट्या, सगळं. ते ओरडतील असं वाटत होतं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. अशा जुन्या गाठीला वर्षानुवर्षं आयोडीनची सवय नसते. एकदम एवढं मिळालं की ती बेफाम होते. आणि हे पोटात जात असताना माझ्या गोळ्या कशा लागू पडणार." मग म्हणाले, "आता बंद केलंय ना, बघू." त्यांच्या "बघू"तही फारसा जीव नव्हता.

आई पुढं अकरा दिवस जगली. शेवटी शेवटी पायांवर सूज, छातीत पाणी. एका दुपारी तिचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयातून गुठळी गेली डोक्यात. तेव्हापासून तिचं बोलणं कुणाला कळलं नाही. डाव्या हातानं ती माझा पदर धरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी पहाटे तो हात सुटला.

दहावा माहेरी झाला. सगळे पांगल्यावर मी म्हटलं, आईची कामं मी करते आज, आणि मीठ आणायला गोठ्यात गेले. तिथं आढ्याला ते पोतं टांगलेलं होतं, शेवाळाचं. तोंडाला आईची गाठ, दुहेरी. मी हात लावून बघितलं तर पोतं अजून निम्मं भरलेलं. मला काही उमजेना. कार्तिकापासून बारा शेरडांना घातलं असतं तर केव्हाच संपायला हवं होतं.

मी वहिनीला हाक मारली. तिनं पोत्याकडं बघितलं आणि खाली बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "आत्तींनी मला शपथ घातली व्हती, ह्यास्नी बी डबीचं सांगायचं न्हाई म्हणून. आता त्या न्हाईत, मंग सांगते."

फाल्गुनात करडं मरायला लागली तेव्हा भावानं गुरांच्या डॉक्टरला वर आणलं होतं. त्यांनी एक मेलेलं करडू हातात घेतलं. अंगावर केस नाहीत आणि नरड्याखाली ही एवढी गाठ. प्रत्येक करडाला तशीच. डॉक्टरांनी विचारलं, शेळ्यांना काय घालता? आईनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शेरडांच्या बाबतीत तिनं कधीच लपवलं नसतं. पोतं दाखवलं, कातळ दाखवला. डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद करा, ह्यानंच झालंय. आईनं त्याच संध्याकाळी पोत्याला गाठ मारून आढ्याला टांगलं. पुन्हा उघडलं ते फक्त डबी भरायला.

"आत्ती त्यास्नी म्हणल्या, मानसानं खाल्लं तर?" वहिनी सांगत होती. "ते म्हणलं, म्या जनावराचा डॉक्टर हाय, मावशे. पर म्या तर न्हाई खानार."

मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी म्हटलं, "मग ती का खात राहिली? शेरडांचं बंद केलं, स्वतःचं का नाही केलं? तू का खाऊ दिलंस?" आवाज चढला माझा. अजूनही मला दुसऱ्या कुणावर तरी ओरडायचं होतं.

वहिनी रडत नव्हती. रडून झालं होतं तिचं. "म्या म्हणलं त्यास्नी, आत्ती, टाका ती डबी. त्या म्हणल्या, शेरडं काय इचारत्यात व्हय गं? लेक रोज इचारती. तिनं येवडं हौसंनं आणलंय. म्या म्हणलं, मंग घेतलं म्हणून सांगा आन् घिऊ नगा, तिला काय दिसतंय हितलं. तर म्हणल्या, म्या तिला कदी खोटं सांगितलं न्हाई."

कातळावर शेरडं येऊन थांबली होती. मी मीठ घेऊन वर गेले. वहिनीनं मागून येऊन दाखवलं, आई कुठं उभी राहायची, मोबाईल कुठल्या कानाला धरायची. मी इकडून विचारायचे, घेतलंस का, तेव्हा ती डबी उघडायची, चिमूट जिभेवर ठेवायची, गिळायची, आणि मगच म्हणायची, "व्हय, घेतलं." तो जो क्षणभर काही ऐकू यायचं नाही तो हा. मला इतके दिवस वाटायचं, रेंज जातेय.

मी कातळावर मीठ पसरलं. आधी चिमूटभर चाखलं. शेरडं पुढं आली.

डॉक्टरांशी ती दोनदा खोटं बोलली, माझी लाज राखायला. माझ्याशी एकदा बोलली असती तर वाचली असती.